तूर निघाली की बॉनेट उघडायचं

शिवारातली तूर कापायला लागले की आमच्या राजेश्वर गावात दोन गोष्टी घडतात. कापलेल्या तुरीचा कोरडा, थोडासा गोडसर वास घराघरात शिरतो आणि त्या वासाच्या मागोमाग उंदीर शिरतात. वासाबद्दल माझी काही तक्रार नाही. उंदरांबद्दल आहे, आणि ती मी आज मनसोक्त करणार आहे.

काल ओढ्यापलीकडच्या रानात विळे लागले. आज सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी मी अंगणात गेले, गाडीचं बॉनेट वर केलं आणि बॅटरीच्या मागे, रेडिएटरच्या कडेला, एअर फिल्टरच्या डब्याखाली टॉर्च मारून पाहिलं. दोन लेंड्या दिसल्या. काळ्या, ओलसर, ताज्या. मग चहा गोड लागला नाही. माझा नवरा बसवराज दारात दात घासत उभा होता. "झालं का सुरू तुझं?" असं त्यानं तोंडातल्या फेसातूनच विचारलं. दोन वर्षांमागच्या तुरीत काय झालं ते त्याला माहीत आहे, आणि माहीत असूनही जो माणूस असं विचारतो त्याच्याशी सकाळच्या पारी बोलू नये.

मी गावातल्या शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे खार, चिमणी, मांजर यांच्यावर माया पातळ करणारे लेख मला दर वर्षी शिकवावे लागतात. त्यात कधी उंदीर आलाच तर तो गणपतीचं वाहन म्हणून येतो, इवलेसे डोळे लुकलुकवतो, आणि शेवटच्या परिच्छेदात लेखकाला त्याची कणव येते. मला येत नाही. उंदीर हुशार असतो म्हणतात. असेल. हुशारी आणि नालायकी एकाच देहात सुखानं नांदू शकतात, हे मी इतक्या वर्षांच्या नोकरीत वर्गावर्गात पाहिलेलं आहे.

त्या वर्षी माझी थोरली बहीण, आमची अक्का, माझ्याकडे राहायला आली होती. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. औरादकडच्या खेड्यात दिलेली, मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दिराच्या घरात एका खोलीत राहणारी. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की आता गुलबर्ग्याला रोज येऊन पंचवीस लाईट घ्यायचे. रेडिएशनला आमच्याकडे सगळे लाईटच म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. "मधे खाडा करू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खाडा पडला की आजाराला दम खायला वेळ मिळतो." हे वाक्य मी पदराला गाठ मारल्यासारखं धरून ठेवलं. पंचवीस लाईट, बिनखाड्याचे, एवढंच मला त्या हंगामात हवं होतं. दुसरं काही मागितलं नव्हतं.

बसनं नेणं शक्य नव्हतं. लाईटनं काखेतली कातडी भाजल्यासारखी काळी पडते, तिला घाम नको, घासणं नको, धूळ नको, आणि हुमनाबादच्या स्टँडवर चढताना लोक कोपरानं बोलतात. घरात एक जुनी गाडी होती. मी ती पंचेचाळिसाव्या वर्षी चालवायला शिकले होते, तेव्हा गावानं आपापल्या ओट्यावर बसून पुरेपूर करमणूक करून घेतली होती. आता तीच गाडी रोज सकाळी साडेआठला निघू लागली. मी शाळेतून रजा काढली होती.

तो रस्ता मला अजून अंगात आहे. पौषाच्या तोंडावरचं धुकं, त्यात दोन्ही बाजूंना हिरवीगार ज्वारी आणि मधेमधे कापून टाकलेल्या तुरीचे तपकिरी ढीग. हुमनाबादला ढाब्यांवर लॉरीवाले तोंड धूत असायचे. त्यांच्या चुलींचा धूर काच बंद असली तरी आत यायचा. पुढे कमलापूरजवळ रस्त्याच्या कडेला लाल केळ्यांचे घड टांगलेले. अक्का शेजारच्या सीटवर, बसवराजच्या जुन्या धोतराचं सैल पोलकं घालून बसायची. तिच्या अंगावर दवाखान्यानं जांभळ्या शाईच्या खुणा केल्या होत्या, त्या पुसू द्यायच्या नव्हत्या. परतताना ती म्हणायची, "पाच झाले." दुसऱ्या दिवशी म्हणायची, "सहा झाले." भाकरी थापताना मोजावं तसं मोजायची, आवाजात भीतीही नाही आणि आशाही नाही. एकदा मी विचारलं, "अक्का, दुखायलंय का?" तर म्हणाली, "दुखतंय की. पर तू न्हेयलीस म्हनून यायलेय बघ मी." मला ते उत्तर आवडलं नव्हतं. पण गाडी चालवताना भांडता येत नाही.

सातव्या लाईटच्या दिवशी गाडीचा हॉर्न वाजेना. हायवेवर हॉर्न नसलेली गाडी म्हणजे काय, हे लॉरींच्या रांगेत शिरल्याशिवाय कळत नाही. परतताना हुमनाबादला खाजाभाईकडे थांबले. हा गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा साठीचा माणूस, लिंबाच्या झाडाखाली त्याचं दुकान. त्यानं बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि एक वायर ओढून माझ्यापुढे धरली. वरचं प्लास्टिक सोलून काढलेलं, आत तांब्याच्या तारा उघड्या. त्यावर बारीक बारीक दातांच्या खुणा.

"म्याडम, ये चूहे का काम है," तो म्हणाला. "तुमी गाडी कुठं लावता?"

"शेडमध्ये. घरापुढं."

"शेड में और क्या है?"

मी सांगितलं. एका बाजूला तुरीची पोती, दुसऱ्या बाजूला कडबा, मधे गाडी. खाजाभाई माझ्याकडे असा बघत राहिला की मला माझ्याच पगाराची लाज वाटली. एका बाजूला जेवण, दुसऱ्या बाजूला अंथरूण आणि मधे उबदार इंजिन. उंदरांसाठी लॉज काढायचं ठरवलं असतं तरी याहून बरं जमलं नसतं.

"खायला न्हाई खात ते वायर," खाजाभाईनं समजावलं. "उसके दाँत बढते रहते. घासायला कायतरी पायजे. गाडी बाहेर उघड्यावर लावा, रोज बॉनेट उघडून बघा, आत खाण्याचा एक दाणा ठेवू नका. मी खालून जाळी मारून देतो, पर पोती हलल्याबिगर काय उपेग न्हाई."

घरी येऊन मी बसवराजला सांगितलं, पोती हलव. तो म्हणाला, संक्रांतीनंतर भाव बघून विकायची आहेत, आता कुठं हलवू. गाडी बाहेर लावते म्हटलं तर म्हणाला, दव पडून रंग जाईल. गाडीच्या रंगाची एवढी काळजी असलेला माणूस मी नवरा म्हणून तीस वर्षं बाळगून आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मग उपाय सांगणारे आले. आपल्याकडे माणूस आजारी पडला की जसे येतात तसेच. अक्काला भेटायला आलेली माणसं पाच मिनिटं अक्काजवळ बसायची आणि पाऊण तास गाडीजवळ उभी राहायची. एकानं तंबाखूची पानं वायरींना बांधायला सांगितली. एकानं डांबरगोळ्या कपड्यात बांधून टांगायला सांगितल्या. कुणी तिखटाची भुकटी तेलात कालवून फासायला सांगितली, कुणी न्हाव्याकडचे केस. मी सगळं केलं. गाडीत बसलं की तंबाखू, डांबर आणि तिखट यांचा असा काही वास यायचा की अक्का नाकाला पदर लावायची. उंदरांना मात्र तो मानवला. आवाज करून उंदीर पळवणारं एक यंत्रसुद्धा मी मागवलं. त्याचा निळा दिवा लुकलुकायचा. तिसऱ्या दिवशी त्याचीच वायर कुरतडलेली मिळाली.

त्यातून आमच्या घरचे रिवाज. तुरीच्या दिवसांत आमच्याकडे उंदराचं नाव घेत नाहीत. "मामा" म्हणतात, नाहीतर नुसतंच "ते". औषध घालायचं ठरलं तर घरात उच्चारायचं नाही, खुणेनं सांगायचं, कारण त्याला ऐकू जातं आणि तो औषध सोडून लुगडी फाडतो. अक्काचा यावर गाढ विश्वास. मी अंगणात उभी राहून मोठ्यानं म्हणायची, "एकेकाला मारून टाकीन मेल्यांनो, ऐकताय ना?" आणि आतून अक्का कळवळून म्हणायची, "शैले, कामून बोलायलीस गं तसं? डूख धरंल ना ते." तिला वाटायचं, शिव्या न दिल्या तर कुणीच डूख धरत नाही. साठ वर्षं ती याच हिशेबानं जगली होती.

मी पिंजरा लावायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी एक घूस म्हणावी एवढा उंदीर सापडला. आता इथे दुसरा रिवाज. पिंजऱ्यातला उंदीर आमच्या गल्लीत कुणी मारत नाही. पिंजऱ्यावर टॉवेल टाकायचा, लांब न्यायचा आणि सोडून द्यायचा. अक्का दारात येऊन म्हणाली, "सोड बाई त्याला. लेकुरवाळी आसंल." मी गल्लीच्या टोकाला, गोठ्याच्या मागे नेऊन सोडला. गोठा कुणाचा होता ते पुढे सांगते.

आमच्या शेजारी महादप्पा अण्णा राहतात. एस्टीतून रिटायर झालेले कंडक्टर. रोज सकाळी ते टॉवेल झाकलेला पिंजरा घेऊन फिरायला निघत आणि रिकामा पिंजरा घेऊन परत येत. मला आधी त्यांचं कौतुक वाटलं. मग एका सकाळी मी कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेले तर अण्णा माझ्याच कंपाउंडच्या भिंतीवर वाकलेले.

"अण्णा, पिंजऱ्यात काय हाय?"

"काय न्हाई, मामा हायत."

"ते आमच्या घरामागं कामून सोडायलाव?"

"लांब न्हेऊन सोडावं म्हनतेत," अण्णा शांतपणे म्हणाले. "आमच्या दारापासनं तुमचं मागचं अंगण लांबच पडतंय की."

मी त्यांना बरंच काही बोलले. ते त्यांनी तिकीट न काढलेल्या प्रवाशाचं ऐकावं तसं ऐकून घेतलं. शेवटी टॉवेल झटकत म्हणाले, "आन आमच्या गोठ्यामागं कोन सोडायलंय, ते मी इचारलो का तुमाला?"

म्हणजे त्या हंगामात आम्ही दोन सुशिक्षित घरं तेच ते उंदीर एकमेकांकडे पोचवत होतो. सकाळी मी त्यांना दिलेला ते मला परत आणून द्यायचे. उंदरांना चालावंसुद्धा लागत नव्हतं.

अशात येळवस आली. वेळा अमावास्या. बाहेरच्यांना हा सण सांगून कळत नाही. गाव रिकामं होतं, सगळे आपापल्या रानात जातात, कडब्याची खोप करतात, तिच्यात पाच दगड मांडून पुजतात. बिंदग्यात, म्हणजे लहान घागरीत, आंबील, पाच-पंचवीस भाज्या आणि ओले दाणे घालून शिजवलेली भज्जी, ज्वारी-बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे. जेवणाआधी घरधनी हातात भज्जी आणि उंडे घेऊन साऱ्या रानाला फेरी घालतो आणि चर शिंपतो, म्हणजे चारी दिशांना घास टाकतो. जमिनीचा वाटा, पाखरांचा वाटा, किड्यामुंग्यांचा वाटा, बैलांचा वाटा. उंदराचाही. लहानपणी मला हे फार आवडायचं. त्या वर्षी बसवराज "ज्याचा त्याला पावो" म्हणत घास टाकत चालला होता आणि मी मागून विचार करत होते की याला सांगावं, उंदराचा वाटा घरपोच मिळालेला आहे.

नशिबानं येळवस रविवारी आली होती, त्यामुळे लाईट बुडणार नव्हता. पंधरा झाले होते. अक्का खोपीच्या सावलीला बसली होती. उजव्या हातानं तिनं घोटभर आंबील घेतली. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. ऊन मऊ होतं, ज्वारीच्या पानांची सळसळ होती, शेजारच्या रानातून पोरींचे झोके आणि हसणं ऐकू येत होतं. अक्का खूप दिवसांनी हसली. मी पण चिडायचं विसरले होते. तो एक दिवस मी कुणाला काही बोलले नाही, बॉनेटही उघडून पाहिलं नाही, त्याची किंमत पुढे मोजली.

बुधवारी अठरावा लाईट होता. हुमनाबाद मागे पडलं, आणि कमलापूरच्या अलीकडे, चढावर, गाडीनं दोन आचके दिले. समोरचे सगळे दिवे एकदम लागले आणि गाडी बंद पडली. मी किल्ली फिरवली. नुसतं टक. परत फिरवली. टक. मागून लॉरीवाले हॉर्न मारत होते. मी आणि त्या रस्त्यावरच्या एका ऊसतोड्यानं मिळून गाडी कडेला ढकलली. खाजाभाईला फोन केला. तो म्हणाला, येतो, पण मोटरसायकलवर येतो, तासभर लागेल.

दवाखान्यानं अकराची वेळ दिली होती. मी अक्काला रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसवलं आणि हात करत उभी राहिले. दोन बस गच्च भरलेल्या, थांबल्या नाहीत. मोकळ्या गाड्या होत्या, पण साडी नेसलेली बाई हायवेवर हात करते म्हटल्यावर माणसं काच वर करून घेतात. प्रत्येक लॉरीमागून धुळीचा लोट यायचा आणि अक्का पाठ फिरवून पदर छातीवर धरायची. साडेअकरा झाले. बारा झाले. मी दवाखान्यात फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, मशीनवर पुढचे पेशंट लावलेत, आज जमणार नाही, उद्या या. मी तिला विनवलं. मी कुणाला विनवत नाही. ती म्हणाली, "म्याडम, उद्या या."

तासाभराचे दोन तास करून खाजाभाई आला. त्यानं बॉनेट उघडलं. मग एअर फिल्टरच्या डब्यामागे हात घालून त्यानं एक घरटं बाहेर काढलं. कडब्याचे तुकडे, कापूस, माझ्या डांबरगोळ्यांच्या पिशवीची चिंधी. त्यानं ते रस्त्यावर झटकलं तेव्हा त्यातून एक गोळा घरंगळला. अर्धा कुरतडलेला, वाळून दगड झालेला. त्यावर हळदीकुंकवाची बोटं अजून दिसत होती.

"म्याडम, ये अंदर किसने रख्या?" खाजाभाईनं विचारलं.

मी अक्काकडे पाहिलं. अक्का जाणाऱ्या लॉरींकडे बघत होती.

"अक्का, हा उंडा तू ठेवलीस?"

"व्हय."

"कामून?"

"येळवशीला बैलाला घास देतोय आपण. ही गाडी मला रोज न्हेती. तिला न्हाई द्यायचा?" मग जरा थांबून, हळू आवाजात, "आन त्यांना बी. म्हटलं, त्यांचा वाटा त्यांना दिला की वायरीला तोंड लावायची न्हाईत."

कुणी म्हणेल की माझा राग खरा उंदरावर नव्हता, बहिणीच्या आजारावर होता. असल्या शहाण्यांना मी एवढंच विचारते, तुमच्या गाडीची वायर कुणी तोडली? माझा राग उंदरावर होता, बसवराजच्या पोत्यांवर होता, महादप्पा अण्णांवर होता, फोनवरच्या त्या मुलीवर होता, आणि त्या क्षणी सगळ्यांत जास्त माझ्या अक्कावर होता. मी भर हायवेवर ओरडले.

"जन्मभर वाटाच देत आलीस सगळ्यांना! दिराला शेत दिलीस, जावंला अंगावरचं सोनं दिलीस, तरी एका खोलीत ठेवले ना तुला? कोन सोडलं तुला वाटा घेऊन? आता त्या गाठीलाबी सांग की. घे म्हनावं तुझा वाटा. मरायचंच हाय तर मला कामून पळवायलीस रोज?"

खाजाभाईनं तोंड फिरवलं आणि पान्हे चाळत बसला. अक्काच्या चेहऱ्यावर धूळ बसली होती, ती तिनं पदरानं पुसली. ते वाक्य मी अजून परत घेतलेलं नाही. तिनंही कधी काढलं नाही.

वायरींना जोड देऊन खाजाभाईनं गाडी चालू केली आणि आम्ही माघारी फिरलो. त्या दिवशी परतीच्या वाटेवर तिनं आकडा म्हटला नाही. राजेश्वरचा फाटा आला तेव्हा म्हणाली, "शैले, आजचा एक चुकला तर काय हुतंय गं?"

इतक्या आठवड्यांत तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मला खोटं बोलता आलं असतं. "दम खातंय ते," मी म्हटलं.

घरी गेल्यावर ती आपल्या खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून अंगणात आले तर अक्का माझ्या आधी तिथं. पिंजऱ्यात एक सापडला होता. मोठा, करडा, जाळीला दात लावून बसलेला. मी सवयीनं टॉवेल शोधू लागले. अक्कानं उजव्या हातानं पिंजरा उचलला आणि हौदाकडे चालू लागली.

"अक्का, थांब. दे इकडं, मी सोडून यते."

"सोडू नगं," ती म्हणाली. "ह्यो परत यतो."

तिनं पिंजरा हौदात घातला आणि पाण्याखाली दाबून धरला. मला वाटलं ती काढेल. तिनं काढला नाही. डावा हात तिच्या अंगाशी लोंबत होता, उजव्याच्या शिरा वर आल्या होत्या, पाणी आतून हलत होतं आणि ती पाण्याकडेच बघत होती. सबंध हंगामभर "मारून टाकीन" म्हणून गल्ली डोक्यावर घेणारी मी. मी एकही मारला नव्हता. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. बऱ्याच वेळानं पाण्याचा आवाज थांबला. अक्कानं पिंजरा बाहेर काढला, चुलीतल्या राखेनं हात घासून धुतला आणि घरात जाऊन बसवराजपुढे उभी राहिली.

"बसवराज, पोती आजच्या आज हलवा. कडबा बी. न्हाईतर मी हलवते, ह्या एका हातानं."

थोरल्या मेहुणीनं आजवर त्याला पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. तो चहा अर्धा टाकून उठला. आम्ही दवाखान्यातून परत आलो तेव्हा शेड मोकळं होतं आणि गाडी उघड्यावर लावायची जागा झाडून ठेवली होती. महादप्पा अण्णांनाही बातमी पोचली असावी. त्यांनी नंतर पिंजरा घेऊन फिरणं सोडलं, निदान आमच्या बाजूला.

पुढचे लाईट बिनखाड्याचे झाले. बुडलेला एक डॉक्टरांनी शेवटी जोडून दिला. आता दर सहा महिन्यांनी तपासणीला जातो. आतापर्यंत सगळं नीट आहे. पुढचं कुणी सांगत नाही, आणि आम्ही विचारत नाही. अक्का दिराच्या घरी परत गेली नाही. तिच्या वाट्याच्या जमिनीचा खटला तिनं गेल्या वर्षी टाकला, आणि तारखेला मीच तिला याच गाडीनं नेते. दीर गावभर सांगत फिरतो की म्हातारीला धाकट्या बहिणीनं बिघडवली. मी बिघडवली असती तर मला आनंदच झाला असता, पण ते श्रेय माझं नाही.

कारण त्या सकाळी, हौदावरून दवाखान्याला निघालो तेव्हा, मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मला तिची भीती वाटत होती, खरं सांगायचं तर. हुमनाबाद गेलं, आदल्या दिवशी बंद पडलो तो चढ आला. जोडलेल्या वायरींच्या भरवशावर मी गाडी जपून, दुसऱ्या गियरमध्ये चढवत होते. अक्का समोर बघत होती.

"मला वाटायचं, गेले तर गेले," ती म्हणाली. "कुनाचं काय आडायलंय. काल हितं बाभळीखाली बसले, घड्याळात बारा वाजले, आन मला लई भ्या वाटलं. मला जायचं न्हाई शैले. मला जगायचंय."

पुढे उसाची एक ट्रॉली रखडत चालली होती आणि मी तिच्यामागे गाडी हळू केली.

"हळू कामून करायलीस?" अक्का म्हणाली. "काढ की पुढं."

मी काढली.